आठ ब्रो म्हणजे ऑगस्ट नव्हे

आयटीतला माणूस शनिवारी सकाळी काय करतो? उशिरा उठतो, चहा पितो आणि परत आडवा होतो. मी मात्र गेल्या पावसाळ्यानंतरचे बहुतेक शनिवार आमच्या गावच्या चर्चच्या ऑफिसात, वाळवीने कडा खाल्लेल्या वह्यांवर डोकं घालून काढले. बायकोला वाटलं मी फादर व्हायला निघालोय. "उशीर झालाय, दोन मुलं आहेत," एवढंच म्हणाली. :-)

तर झालं असं की पप्पांची एक वही आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, शाळेत मिळायची तशी. पप्पा शिक्षक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी या वहीत घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. लाल पेनाने मुलगे, निळ्या पेनाने मुली. प्रत्येक पानाला समास. सगळ्यात वर लिहिलंय, 'मूळ पुरुष, इ. स. १५६० च्या सुमारास'. त्याखाली नाव नाही, नुसती तुटक रेघ. ती रेघ साडेतीनशे वर्षं खाली येते आणि माझ्या पणजोबांपाशी थांबते. पणजोबांपासून पुढे मात्र सगळं पक्कं: आजोबा, पप्पा, काका, आत्या, मी, माझी मुलं.

पप्पा म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला आहेस. ती मधली रेघ भरून दे."

आम्ही वसईकडचे. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी. घरात कादोडी बोलतो, बाहेर मराठी, ऑफिसात जी चालते ती. गावाचं आणि आडनावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर अर्ध्या तासात गावभर फोन फिरतील. बाकी इतिहास थोडक्यात असा. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, पुढच्या काही दशकांत इथली गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, आमचे पूर्वज मागे राहिले. (गोव्याचा एक मित्र आजोबांच्या जन्मनोंदीच्या जोरावर पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन बसलाय. मी पप्पांना म्हटलं, चिमाजी अप्पांनी आपला लिस्बनचा चान्स घालवला. पप्पांना विनोद आवडला नाही.)

आता पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती लपवून हे लिहिण्यात अर्थ नाही. पप्पांच्या त्या वहीत माझ्या ताईचं नाव नाही.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. १९९८ साली तिने लग्न केलं. मुलगा कॅथलिकच, चांगल्या नोकरीचा, पण नगर जिल्ह्यातला. पप्पांचं म्हणणं एकाच वाक्यात होतं आणि ते घरात सगळ्यांना पाठ आहे: "ते लोक दुष्काळात भाकरीसाठी ख्रिस्ती झालेले. आपण साडेचारशे वर्षांचे." पप्पा लग्नाला गेले नाहीत. मी बावीस वर्षांचा होतो. मीही गेलो नाही. परीक्षेचं कारण सांगितलं. परीक्षा होती हे खरं, पण ती लग्नाच्या तिसऱ्या दिवशी होती.

पुढे बोलणं सुरू झालं. ताई नाताळला येते, पप्पा भाच्यांना पैसे देतात, जावयाशी पावसापाण्याचं बोलतात. भांडण वगैरे काही नाही. फक्त वहीत नाव नाही. असो.

*

चर्चच्या वह्यांची गंमत अशी की त्या इतिहासासाठी लिहिलेल्याच नाहीत. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नियम केला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंदवही ठेवावी. उद्देश अगदी व्यवहारी. कुणी दोनदा लग्न करू नये, जवळच्या नात्यात लग्न होऊ नये, चोरून केलेली लग्नं थांबावीत. १६१४ साली त्यात दफनाची वही वगैरे आली. म्हणजे सरकारी जन्मदाखला ही कल्पना आपल्याकडे रुजायच्या कितीतरी आधी फादर लोक शाईने लिहीत बसले होते: कोण जन्मलं, कुणाचं, कुणी पाण्यावर धरलं.

आणि लिहीत बसले होते पोर्तुगीजमध्ये! मला याचं फार नवल वाटलं. पोर्तुगीज सत्ता गेली १७३९ ला. मग मराठे आले, १८१८ च्या सुमारास इंग्रज पक्के झाले. कोर्टकचेरीची भाषा बदलली, नाणी बदलली, रेल्वे आली. पण चर्चचा कारभार पोर्तुगालच्या राजाच्या धार्मिक हक्काखाली, म्हणजे ज्याला पाद्रोआदो म्हणतात त्याखाली राहिला. आधी गोव्याचे आर्चबिशप, मग १८८६ पासून दमणचे बिशप, आणि १९२८ साली आम्ही मुंबईला जोडले गेलो. त्यामुळे आमच्या चर्चच्या वहीत विसाव्या शतकातही गावातला कुणी केळीवाला पोर्तुगीजमध्ये जन्मतो आणि पोर्तुगीजमध्ये मरतो. आयुष्यभर त्याला त्या भाषेचा एक शब्द येत नसावा.

मुंबईत तर आणखी घोळ. तिथे पाद्रोआदोची चर्चेस वेगळी आणि थेट रोमच्या प्रोपगांडाची वेगळी. दोन्ही कधीकधी हाकेच्या अंतरावर. वांद्रे-माहीमकडचं कुणी हे वाचत असेल तर लक्षात ठेवा: पणजी एका वहीत सापडली नाही तर ती नव्हतीच असं समजू नका. शेजारच्या चर्चमध्ये विचारा.

मी पहिल्यांदा चुकीच्या ठिकाणी शोधत होतो, हेही कबूल करतो. प्रोग्रामर माणूस, आधी नेटवर जाणार. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात चर्चच्या नोंदी आहेत, बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन मालिका. इथले पाद्री दरवर्षी नकला करून पाठवायचे. मी खूश! दोन रविवार घालवले. मग कळलं की त्यात मुख्यतः गोरे आणि अँग्लो-इंडियन आहेत: सोल्जर, रेल्वेचे गार्ड, त्यांची बायकामुलं. वसईच्या वाडीतल्या माणसाचा जन्म लंडनला कळवण्याची कुणाला गरज वाटणार? मग मॉर्मन चर्चच्या फॅमिलीसर्च साइटवर गेलो. या लोकांनी जगभरच्या चर्चच्या वह्यांचे फोटो काढून ठेवलेत, मूळ फिल्म्स अमेरिकेत युटामध्ये डोंगर पोखरून केलेल्या तिजोरीत आहेत. पूर्वी त्या फिल्म मागवाव्या लागत. २०१७ पासून ते बंद झालं आणि सगळं ऑनलाइनकडे वळलं. गोव्याच्या चर्चच्या नोंदी तिथे आहेत. आमच्या चर्चच्या मला सापडल्या नाहीत.

थोडक्यात, गूगल संपलं की चपला घालाव्या लागतात.

*

चर्चच्या ऑफिसातले फादर तरुण. पहिल्या शनिवारी म्हणाले, "कशाला हवंय? प्रॉपर्टीचा वाद आहे का?" बहुतेक लोक त्यासाठीच येतात म्हणे. नाही म्हटलं तर त्यांना जास्तच संशय आला. शेवटी अर्ज लिहून दिला, पप्पांची सही आणली, आणि नियम ठरले: ऑफिसातच बसायचं, फोटो नाही, पेन नाही, फक्त पेन्सिल, आणि पान उलटताना खालचा कोपरा धरायचा नाही.

शेवटचा नियम का, ते पहिली वही उघडल्यावर कळलं. जुन्या शाईत लोखंडाचा अंश असतो. ती वर्षानुवर्षं कागद खात राहते. काही पानांवर अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराची भोकं आहेत. फादरनी ज्या ओळीवर जोर देऊन लिहिलं ती ओळच आधी गळून पडली.

आमच्याकडची सगळ्यात जुनी शाबूत वही एकोणिसाव्या शतकातली. म्हणजे १५६० वाली रेघ भरणं पहिल्याच दिवशी बाद. पप्पांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "नीट बघ."

मी लॅपटॉपवर एक्सेल उघडलं. कॉलम पाडले: नाव, वडील, आई, आजोबा, तारीख, गॉडफादर, गॉडमदर, शेरा. फादर पोर्तुगीज असोत की गावठी, मजकुराचा साचा ठरलेला असतो. अमुक तारखेला, या चर्चमध्ये, मी अमुक याचा विधिपूर्वक बाप्तिस्मा केला, अमुक आणि अमुक यांचा औरस मुलगा, बापाकडून अमुकचा नातू, आईकडून तमुकचा, धर्मपिता हा, धर्ममाता ही, खाली सही. चाळीस-पन्नास शब्द येत असले की काम भागतं. 'फिल्यो' म्हणजे मुलगा, 'नेतो' म्हणजे नातू, 'पाद्रिन्यो' म्हणजे गॉडफादर. दुसऱ्या शनिवारपर्यंत मी पानावर नजर टाकून नोंद उचलायला लागलो. एकदम भारी वाटायला लागलं.

तिसऱ्या शनिवारी बग सापडला. माझ्या शीटमध्ये वयाचा कॉलम होता, दफनाची तारीख वजा बाप्तिस्म्याची तारीख. एका मुलाचं वय उणे बेचाळीस दिवस आलं. बाप्तिस्मा सप्टेंबरात, दफन ऑगस्टमध्ये. जन्माआधी मेलेला मुलगा! मी तारीख तीनतीनदा तपासली. दफनाच्या नोंदीत महिना स्पष्ट लिहिलेला: आठचा आकडा आणि पुढे 'ब्रो'. आठवा महिना म्हणजे ऑगस्ट, नाही का?

नाही! पोर्तुगीजमध्ये सात म्हणजे सेते, आठ म्हणजे ओइतो. सेतेंब्रो, ओउतुब्रो. लिहिणारा माणूस कंटाळला की सेतेंब्रोचं '७ब्रो' करतो, ओउतुब्रोचं '८ब्रो', नोव्हेंब्रोचं '९ब्रो' आणि देझेंब्रोचं रोमन दहा लावून 'ब्रो'. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, त्याचा हा अवशेष. म्हणजे ८ब्रो हा ऑक्टोबर. माझ्या शीटमधल्या सगळ्या ब्रो-नोंदी दोन-दोन महिने चुकल्या होत्या. सगळ्या दुरुस्त केल्या. आणि तो मुलगा उणे बेचाळीस दिवसांचा नव्हता, काही आठवड्यांचा होता. दुरुस्तीनंतर शीट बरोबर आलं म्हणून मी खूश झालो, आणि मग पडद्यावरचा तो छोटा आकडा बघत जरा वेळ गप्प बसलो.

दफनाच्या वहीचं असंच असतं. १८९६ च्या शेवटापासून प्लेग येतो. १९१८ च्या ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची साथ येते, तेव्हा फादरचं अक्षर बदलतं. नोंदी आखूड होत जातात, आजी-आजोबांची नावं गळतात, शेवटी नुसतं नाव आणि तारीख. घाईचा तसला लॉग आम्ही ऑफिसात सर्व्हर कोसळतो तेव्हा बघतो.

दुसरा मोठा प्रॉब्लेम नावांचा. बाळाला आजोबांचं नाव ठेवायचं, गावात आडनावं पाचसहाच. त्यामुळे एकाच दहा वर्षांत त्याच नावाचे, त्याच आडनावाचे चार-चार जण. घरात कुणी इनास, कुणी बस्त्याव, कुणी जुजे, कुणी पास्कू. वहीत इनासियो, सेबास्तियाव, जोझे, पास्कोआल. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर नाव ही प्रायमरी की होऊच शकत नाही. मग ओळख कशावरून पटवायची? गॉडपेरेंट्सवरून. गॉडफादर सहसा बाहेरून येत नाही. मामा असतो, चुलता असतो, बांधाशेजारचा असतो. कोण कुणाच्या बाळाला धरतंय याचा कॉलम सॉर्ट केला की गावातली नाती आपोआप गठ्ठ्यांनी पडतात. आमच्या समाजाचं 'कुपारी' हे नावच मुळी पोर्तुगीज 'कोंपाद्रे' वरून आलं असं सांगतात. कोंपाद्रे म्हणजे बाळाचा बाप आणि बाळाचा गॉडफादर यांचं आपसातलं नातं. समाजाचंच नाव नात्यावरून पडलेलं, आणि आम्ही रक्त शोधत बसलोय.

*

पणजोबांचं लग्न १९१५ साली झालं हे घरात माहीत होतं. लग्नाची वही काढली. नोंद मिळाली. पणजीचं नाव बरोबर, तिच्या आईबापांची नावं बरोबर. पणजोबा: वय एकवीस, याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेला. आईबापांच्या जागी मात्र एक आडवी रेघ.

मला वाटलं, फादर विसरले असतील. एकवीस वर्षं वजा केली, १८९४. बाप्तिस्म्याच्या वहीत १८९४ बघितलं. नाही. १८९३, १८९५, नाही. त्या काळी बाप्तिस्मा जन्मानंतर काही दिवसांत व्हायचा, एवढा फरक पडायला नको. वय चुकीचं लिहिलं असेल म्हणून १८९० पासून १८९८ पर्यंत ओळन् ओळ वाचली. दोन शनिवार. त्या नावाचे तीन निघाले, पण एक लहानपणीच गेलेला आणि दोघांची लग्नं दुसरीकडे.

मग उगाच पुढे चाळत गेलो. १९०० च्या पानांवर आलो, आणि तिथे एक नोंद साच्यात बसेना. 'औरस मुलगा' नाही, 'नातू' नाही. लिहिलंय, वय सहा वर्षं, कमीअधिक. 'पाईस जेंतिओस, इंकॉग्नितोस'. आईबाप परधर्मीय, अज्ञात. पुढे गॉडफादरचं नाव. मुलाचं नाव तेच, आणि आडनावही गॉडफादरचंच. गॉडमदर त्याच घरातली, विधवा.

आणि समासात, वेगळ्या शाईने, वेगळ्या अक्षरात: १९१५ साली अमुक हिच्याशी लग्न केलं. अमुक म्हणजे माझी पणजी.

हा समासातला शेरा चुकण्याची शक्यता फार कमी. १९०८ पासून चर्चचा नियम आहे की लग्न झालं की बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी ते लिहायचं. दोन वह्या एकमेकींकडे बोट दाखवतात. मी आयुष्यभर असल्या लिंक जुळवतो त्याचे पैसे घेतो, त्यामुळे मला संशयाला जागाच उरली नाही.

१८९९ साली पाऊस पडला नाही. गुजरात, खानदेश, नगर, सगळीकडे. विक्रम संवत १९५६ म्हणून गुजरातेत त्याला छप्पनिया म्हणतात, आपल्याकडे छपन्नाचा दुष्काळ. माणसं घरंदारं सोडून निघाली. पंडिता रमाबाईंनी त्या वेळी दुष्काळातल्या शेकडो मुलींना केडगावला नेलं, हे आपण शाळेत वाचलंय. बडोद्याकडून मुंबईला येणारी रेल्वे वसईवरून जाते. त्या रुळांच्या कडेने कोण कुठून चालत आलं आणि कुणाचा हात कुठे सुटला, हे कुठल्याही वहीत नाही. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःचं गाव सांगता आलं असेल की नाही? त्याने सांगितलं असेल आणि फादरना भाषा कळली नसेल? नोंदीत एवढंच आहे: कमीअधिक सहा.

म्हणजे आमचे पणजोबा दुष्काळात भाकरीसाठी ख्रिस्ती झालेले.

मी वही मिटली. फादरनी विचारलं, "मिळालं का?" मी म्हटलं, "हो, मिळालं," आणि बाहेर येऊन गाडीत वीस मिनिटं बसून राहिलो.

*

तीन आठवडे मी पप्पांना सांगितलं नाही. पप्पा फोनवर विचारायचे, "रेघ कुठवर आली?" मी म्हणायचो, "शाई उडालीय, वेळ लागतोय." परत एकदा परीक्षेचं कारण.

शेवटी ताईला फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल, किंवा म्हणेल, आता कळू दे त्यांना. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "नको सांगूस. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे तेवढं एकच आहे." मग थोड्या वेळाने: "तू का शोधत होतास रे?" मी म्हटलं पप्पांनी सांगितलं म्हणून. ती म्हणाली, "तू नेहमी पप्पांनी सांगितलं तेच करतोस." हे तिने रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रात्री झोप आली नाही. ताईचं म्हणणं पटत होतं. पण मला एक गोष्ट आठवत राहिली. पप्पा लहानपणी त्यांच्या आजोबांबद्दल, म्हणजे याच पणजोबांबद्दल, एक किस्सा नेहमी सांगायचे. म्हातारा रात्री झोपताना उशाशी फडक्यात तांदळाची भाकरी बांधून ठेवायचा. सकाळी ती कोंबड्यांना घालायचा, रात्री नवी ठेवायचा. घरात धान्य भरलेलं, केळीची वाडी, आणि म्हाताऱ्याच्या उशाशी भाकरी! आम्ही पोरं पोट धरून हसायचो. पप्पा ती नक्कल फार छान करायचे.

त्या भाकरीचा अर्थ मला कळला होता आणि तो माणूस ज्यांनी डोळ्यांनी बघितला त्यांना कळला नव्हता. हे मला लपवता येईना.

रविवारी मासनंतर पप्पांकडे गेलो. पेन्सिलने उतरवलेली नोंद आणि खाली तिचं मराठी, असा कागद त्यांच्या हातात दिला. काही बोललो नाही. पप्पांनी चष्मा लावला. शिक्षकी पद्धतीने बोट ठेवून वाचलं. परत वाचलं. मी वाट बघत होतो की ते म्हणतील, फादरची चूक असेल, नावं एकसारखी असतात. माझ्याकडे त्याची उत्तरं तयार होती, समासातला शेरा वगैरे. त्यांनी ते विचारलंच नाही.

बऱ्याच वेळाने कादोडीत म्हणाले (इथे मराठीत लिहितो), "म्हणून ती भाकरी."

मी म्हटलं, "हो."

"आम्ही हसायचो."

मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि वाडीत पाणी लावायला गेले. जेवताना एक शब्द नाही. मम्मीने मला खुणेने विचारलं, मी खुणेने नंतर सांगतो म्हटलं.

मी मनातल्या मनात एक युक्तिवादही तयार केला होता, तो वाया गेला, म्हणून इथे लिहितो. समजा १५६० चा तो मूळ पुरुष खरा होता. त्याला तरी पोर्तुगीज आडनाव कुठून आलं? तोही कधीतरी चर्चच्या दारात उभा राहिला असेल, त्यालाही कुणा गॉडफादरने आपलं आडनाव दिलं असेल. तेव्हाच्या वहीतही 'पाईस जेंतिओस' असंच लिहिलं गेलं असणार. ती वही उरली नाही एवढाच फरक. म्हणजे साडेचारशे वर्षांचा आणि सव्वाशे वर्षांचा यांत जात वेगळी नाही, फक्त वाळवी वेगळी.

*

पुढच्या शनिवारी सकाळी सात वाजता पप्पांचा फोन. "मला ते पान बघायचंय."

गेलो दोघं. फादरनी वही काढून दिली. पप्पांनी पान बघितलं, मग नकळत त्या ओळीवर बोट ठेवलं. फादर म्हणाले, "काका, हात नको." पप्पांनी हात मागे घेतला, सॉरी म्हणाले. आयुष्यात मी त्यांना फार वेळा सॉरी म्हणताना ऐकलेलं नाही. नंतर विचारलं, "ही गॉडमदर, विधवा बाई, हिचं पुढे काय झालं?" मी दफनाची वही काढली. ती १९१८ च्या ऑक्टोबरातल्या आखूड नोंदींमध्ये सापडली. नाव आणि तारीख, बस. पप्पांनी तारीख हातावर लिहून घेतली. पेनाने. फादरनी बघितलं पण काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी वही काढली. 'मूळ पुरुष, १५६०' या ओळीवर पट्टी ठेवून सरळ काट मारली. पणजोबांच्या नावावर दोन नावं लिहिली, गॉडफादर लाल पेनाने, ती विधवा निळ्या पेनाने. आईबापांच्या जागी लिहिलं, 'माहीत नाही'. मग पानं उलटत आमच्या पिढीपर्यंत आले. माझ्या नावाशेजारी जागा नव्हती, समासात लिहावं लागलं. निळ्या पेनाने ताईचं नाव. खाली तिच्या दोन्ही मुलांची नावं. धाकट्याची जन्मतारीख त्यांना माहीत नव्हती, मला विचारली.

भाओजींचं नाव लिहिलं नाही. मी वाट बघितली. मला वाटलं, असो, एका दिवसाला एवढं पुरे.

पप्पा म्हणाले, "त्याच्या वडिलांचं आणि आजोबांचं नावही हवं ना. अर्धवट कसं लिहिणार? मी विचारतो त्याला." आणि मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता, "नगरकडच्या चर्चेसमध्ये वह्या कुठल्या सालापासून असतात रे?"

मी म्हटलं, तिकडे जेझुइट फादर १८७८ च्या सुमारास गेले, तेव्हा त्याच्या आसपासपासून शोधावं लागेल.

"म्हणजे तोही दुष्काळ," पप्पा म्हणाले. "शहात्तर ते अठ्ठ्याहत्तरचा."

इतिहास त्यांना माहीत होता. शाळेत तोच तर शिकवायचे.

त्यांनी भाओजींना फोन केला की नाही मला माहीत नाही, मी मुद्दाम विचारलं नाही. पण काल ताईचा मेसेज आला: पप्पांनी फोन करून विचारलंय, नगरला जायला शनिवार बरा की रविवार. मी तिला लिहिलं, मी गाडी काढतो. पेन्सिली घेऊन ठेवल्यात. या वेळी लग्न नाही आणि परीक्षाही नाही, पण मी येतोय.